उद्या लाइट नाही

माझी सगळ्यात मोठी फजिती ऐकायची आहे ना? मग तोंडातला चहा आधी गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कुरखेड्याजवळच्या एका गावात मी शाळेत विज्ञान शिकवत होते. भारनियमन नुकतंच सुरू झालं होतं. पुढे कोळसा कमी पडणार, विजेचे आणखी हाल होणार, असं कुठेतरी वाचलं आणि माझ्या अंगातच आलं. भेटेल त्याला मी वीज वाचवायला सांगू लागले.

ऐकतो कोण? खांबांवरचे दिवे भर दुपारी जळत. शेवंताबाई रिकामी चक्की फिरवत ठेवून गप्पा हाणत. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारे रशीदभाई तर मलाच समजावत, "मॅडम, कोळसा बाजूच्या चंद्रपुरात, लाइट बी तिथीच बनते. मुंबईची जाईन, आपली कायले जाईन? तुमी टेंशन नका घेऊ."

हे ते सांगत होते तेव्हा लाइट गेलेलीच होती, बरं का.

शेवटी मी त्यांच्याकडूनच, ते लग्नांना भाड्याने देत तो भोंगा मागून घेतला, ऑटोवर बांधला आणि एका रविवारी सकाळी माईक हातात धरून निघाले. काय तो जोश! "बंधू-भगिनींनो, आज विजेची किंमत ओळखा. उद्या लाइट मिळणार नाही. उद्या चक्की बंद, मोटार बंद, पंखा बंद."

गावाला चांगला फेरा मारला. परत येताना बघते तर लोक अक्षरशः धावत होते. बायका घराबाहेर, पुरुष सायकलींवर, सगळे एकाच दिशेने. माझा ऊर भरून आला. म्हटलं, गाव जागं झालं.

गाव चक्कीपुढे जागं झालं होतं. रांग पार देवळापर्यंत, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दळणाचा डबा.

"शेवंताबाई, इतकी गर्दी काऊन?"

"तुमीच तं सांगून राह्यल्या मॅडम, उद्यापासून लाइट नाई म्हणून."

"अहो, उद्या म्हणजे सोमवारी नाही. उद्या म्हणजे पुढे. भविष्यात."

रांगेतल्या एका भाऊंनी मागच्यांना कळवलं, "सोमवारी नाई म्हणते. मंगळवारपासून."

"तसं नाही हो भाऊ. ती कधीही जाऊ शकते."

"कधीबी जाईन म्हणते. आटपा लवकर."

मी पुन्हा ऑटोत बसले आणि भोंग्यावरून ओरडत सुटले, "घाबरू नका, लाइट जाणार नाही." इथे माझी खरी चूक झाली. सकाळी जाणार म्हणणारी मॅडम आता घाबरू नका म्हणते, म्हणजे तिच्यावर वरून दबाव आला, असं गावाने ठरवलं. जे आतापर्यंत घरी बसले होते, तेही उठले.

मग विहिरींवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. टाक्या, ड्रम, हंडे, दिसेल ते भरून घेतलं. राइस मिलवर धानाने भरलेल्या बैलबंड्या लागल्या. घरोघरी इस्त्र्या तापल्या. रशीदभाईंनी दुकानातल्या दुरुस्त मोटारी तपासून टाकाव्या म्हणून सगळ्या लावल्या. ज्या गावाला मी वीज वाचवायला शिकवत होते, त्याने त्या सकाळी मोसमभराची वीज ओढली असेल.

दुपारच्या आत गावच्या डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, धूर निघाला आणि असा आवाज झाला की झाडावरची पाखरं उडाली. चक्की थांबली. पंखे थांबले. त्या शांततेत रांगेतून आवाज आला, "मॅडम खरंच बोलली बे."

नवीन डीपी यायला पुष्कळ दिवस लागले. पण गावात कोणी कुरकुरलं नाही. सगळ्यांकडे पीठ, तांदूळ, पाणी भरपूर. रस्त्यात म्हातारी माणसं मला हात जोडायची.

आणि आमच्याकडे? टाकी कोरडी, गहू तसाच डब्यात. दुसऱ्याच दिवशी मी भांडं घेऊन शेवंताबाईंकडे पीठ मागायला गेले. मागे बादली घेऊन आमचे हे.

शेवंताबाई म्हणाल्या, "मॅडम, अख्ख्या गावाले सांगतलं, अन् घरी सांगाचं भुलल्या का?"

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "सांगितलं होतं ना बाई. वीज वाचवा म्हणाली होती. अख्ख्या गावात तिचं मी एकट्यानेच ऐकलं."