हराळीचं पीक

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याला यवतमाळात साहेबलोकांच्या क्लबावर माळ्याचं काम लागलं आणि मी नेरकडचं सासर सोडून तिथं राहायला गेले. क्लबामागच्या माळावर गोल्फचं मैदान होतं. लांबून काठीनं चेंडू मारत यायचं आणि शेवटी तो एका लहानशा खड्ड्यात घालायचा, एवढं मला बघून बघून कळलं. खड्ड्याभोवतीची जागा खळ्यासारखी गोल. तिथं तेल पाजलेली काळी रेती असे. कोणी खेळून गेलं की आम्ही पोतं ओढून ती सारखी करायचो.

नवे साहेब आले आणि म्हणाले, "एका तरी खड्ड्याभोवती गवत पाहिजे. हराळी लावा."

ते गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "काढा म्हणे का लावा म्हणे?"

"लावाच म्हणे," तो म्हणाला. त्यालाही खात्री वाटत नव्हती.

पऱ्हाटीतली, म्हणजे कपाशीतली, हराळी उपटण्यात माझं अर्धं आयुष्य गेलेलं. शेजारच्या शेतकऱ्याकडे ती मागायला गेले तर तो हसतच सुटला. "ने ना बाई, अख्खं वावर ने!"

आषाढात लावली. मग रोज पहाटे बांबूच्या काडीनं दव झाडायचं, वाळवीची वारुळं फोडायची, दगडी रूळ फिरवायचा. जवळच्या तांड्यावरच्या गाई वळवायच्या, कारण चरून चरून खरडलेल्या त्या माळावर तेवढाच तुकडा मऊ हिरवा होता. गवत बोटभर वाढलं की कापायचं. वाढवायचं कशाला आणि कापायचं कशाला, हे मला उमगत नव्हतं. साहेब मात्र गुडघ्यावर बसून त्यावरून हात फिरवायचे, नवीन लुगड्यावरून फिरवावा तसा.

पोळा झाला आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, आम्हाला भेटायला आले. आम्ही दोघं बाजाराला गेलतो. दुपारी परतलो तर ते मैदानावर उकिडवे बसलेले, हातात माझं खुरपं, धोतर चिखलानं माखलेलं. पाऊण गोल उघडा पडला होता. बाजूला हराळीचा ढीग.

"पोरी, किती माजू देली वं ही!" ते म्हणाले. "तुले एकटीले कुठून होते म्हणून मीच बसलो. एक मुळी ठेवली नाही."

नवरा काही बोलायच्या आत साहेब काठ्यांची थैली घेऊन येताना दिसले. त्यांनी ढीग पाहिला, उघडी माती पाहिली.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं, साहेब," मामाजी उठून अदबीनं म्हणाले. चेहऱ्यावर समाधान. "आता पेरा काय पेराचं ते."

साहेबांनी थैली खाली ठेवली. ते रागावले आहेत, की हसू दाबताहेत, हे मला कळेना. अखेर त्यांनी विचारलं, "बाबा, हे पुन्हा लागेल का?"

"हराळी?" मामाजींना प्रश्नच समजला नाही. "हे तं मेल्यावरबी लागते."

"मग लावा."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघांनी तीच हराळी त्याच मातीत पुन्हा रोवली. मामाजी एकेक मुळी हातात घेऊन थांबत. "खड्ड्यात चेंडू घालाले इतकं?" त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "हो" म्हटलं, आणि दोन्ही वेळा माझा मलाच विश्वास वाटला नाही. सकाळी ते न जेवताच नेरच्या मोटारीत बसले. लाजले होते की चिडले होते, कोण जाणे.

हराळी लागली. दिवाळीपर्यंत गोल भरून आला. साहेब तिथं चार-पाचदा खेळले असतील. मग त्यांची बदली झाली.

त्यांच्या जागी आलेले साहेब पत्ते खेळायचे. मैदानाकडे ते फिरकलेच नाहीत. नवऱ्यानं एकदा धीर करून विचारलं, "साहेब, गवताले पाणी देऊन राह्यलो, देऊ का बंद करू?"

"कुठल्या गवताला?" ते म्हणाले आणि आत गेले.

हे "हो" झालं की "नाही", ते आम्हाला ठरवता आलं नाही. म्हणून आम्ही पाणी देत राहिलो, विहीर आटेपर्यंत.