ऑइलपेंटची न्हाणी

आमच्या न्हाणीच्या फरशीला ऑइलपेंट मी लावला. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात याबद्दल दुसरीच गोष्ट चालायची आणि मी ती चालू दिली.

रूपालीताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कळसाडीला येणार होती. तिच्या सासरी नाशिकला बाथरूमच्या टाइल्सवर फुलं आहेत. आमची न्हाणी म्हणजे सिमेंटच्या चार भिंती, बंबाच्या धुरानं काळं पडलेलं छत आणि खाली टाकीनं टोचून खडबडीत केलेली लादी. मी दिवसभर शहाद्यात लोकांचे मोबाइल दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर लोकांची बाथरूमं बघतो. कमी खर्चात हॉटेलसारखं बाथरूम करणारे इतके व्हिडिओ पाहिले, की गवंडी उगाच भाव खातात असं वाटायला लागलं.

भिंती खरवडल्या, पुट्टी भरली. खालच्या अर्ध्या भागाला टाइल्सच्या चित्राचे स्टिकर चिकटवले. पाइपाचे तुकडे जोडून टॉवेलची दांडी केली. दाराला रंग लावून थोडा ऑइलपेंट उरला. उरलेली वस्तू टाकून देणं आमच्या घराण्यात बसत नाही. लादीचे टोचे पांढऱ्या सिमेंटनं बुजवले आणि वर रंगाचे दोन हात मारले. फरशीत तोंड दिसायला लागलं. माझंच तोंड, म्हणून जास्तच आवडलं.

आईनं दारातून डोकावून विचारलं, "पाय घसरनार नही ना रे?"

"हॉटेलात लोक घसरतात का आई?" मी म्हणालो. तोवर मी एकाही हॉटेलात उतरलो नव्हतो.

ताई मुलगी घेऊन दवाखान्यातून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी कौसामाय हजर झाली. कौसामाय आमच्याच गल्लीतली. गावातल्या बाळ-बाळंतिणींना तीच न्हाऊ घालणार, हे आमच्याकडे ठरवावं लागत नाही. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, लेकरू नडग्यांवर पालथं घालायचं, कोपर बुडवून पाणी बघायचं आणि लेकराच्या वरताण ओरडायचं, ही तिची पद्धत. नवरा गेल्यापासून ती एकटी राहते. मुलगा हेमकांत सुरतला साडीच्या कारखान्यात आहे. दर फोनला तो 'सुरतला चल' म्हणायचा आणि ही म्हणायची, "मन्हा लेकरे सोडीसन कशी येऊ?" लेकरं म्हणजे अख्खं गाव. मिशीवाल्या सरपंचाला ती भर सभेत 'रडका' म्हणते. मला शहाद्याच्या भरल्या बसमध्ये काय म्हणते, ते खाली येईलच.

न्हाणी पाहून ती दारातच थांबली. "काय रे मुतऱ्या, ही न्हाणी शे का नवरीना आरसा?"

"आवडली का?"

"मन्ह्या जल्ममा अशी न्हाणी नही दखी. तुन्ही बायको तं या न्हाणीमाच ऱ्हाई, घरमा येवाव नही."

गल्लीतल्या बायकांना तिनं स्वतः बोलावून न्हाणी दाखवली. दुकानात मी त्या आठवड्यात जरा ताठच बसायचो.

बाळाच्या आंघोळीला तेल आलं, बेसन आलं. दोन्ही रोज थोडं थोडं फरशीवर उतरत होतं, आणि रंगावरून ते पाण्यानं पुरतं जात नव्हतं. एका सकाळी कौसामायनं टॉवेलात गुंडाळलेली पोर ताईच्या हातात दिली, बादली रिकामी करायला उठली आणि आडवी झाली. पोर नुकतीच तिच्या हातातून ताईकडे गेली होती. पुढचा विचार मी अजूनही अर्ध्यावर सोडतो.

गल्ली गोळा झाली. जो तो विचारायला लागला, "काय व्हयनं, कौसामाय? काय व्हयनं?"

मी दारात माझ्या पायाचे अंगठे बघत उभा होतो. मनगट दुसऱ्या हातात धरून तिनं आधी फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काही नही वं. माले चक्कर उनी."

मनगट मोडलं होतं. शहाद्याला नेऊन प्लास्टर घातलं. त्या संध्याकाळी मी विटेच्या तुकड्यानं फरशी घासत बसलो. का घासतोस, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

प्लास्टर निघालं, पण कौसामायला बोलावणं येईना. समोरची चेतनावहिनी बाळंत झाली. तिच्या सासूनं माझ्या आईला ओट्यावरूनच सांगितलं, "चक्कर येस म्हनतस तिले. तिना हातमा लेकरू कसं देवानं?"

कौसामाय आपल्या ओट्यावर बसून असायची. समोरून लेकराचं रडणं आलं, की पुटपुटायची, "पानी जास्ती ऊन शे." तिथवर ऐकू जाईल इतकं मोठ्यानं मात्र कधी बोलायची नाही. मी गाडी काढायचो आणि दुकान गाठायचो.

मग हेमकांत रिक्षा घेऊन आला. घराला कुलूप, पेटी रिक्षात.

"आई, तू एकटी असताना चक्कर आली तर? इथं कोण बघणार?"

याचं उत्तर तिथंच गल्लीत गाडीच्या किकवर पाय ठेवून उभं होतं.

मी गाडी स्टँडला लावली आणि गेलो. "हेमकांतभाऊ, हिला चक्कर आली नव्हती. मी फरशीला ऑइलपेंट लावला होता. ती घसरली."

"मग इतके दिवस कुठे होतास?"

"शहाद्याला. दुकानावर."

याच्यावर तो हसला नाही. चेतनावहिनीची सासू सूप हातात घेऊन ओट्यावर आली. "म्हंजे चक्कर नही येत तिले?"

"कधीच आली नव्हती, काकू."

"मंग आतेलोंग तोंडमा काय गूळ धरेल व्हता का रे?"

कौसामाय माझ्यावरच उखडली. "मी झाकेल व्हतं, ते तू काबर उघाडं? गाव आते तुले हसी ना!"

"हसू दे ना. तुझं गाव सुटत होतं."

ती रिक्षाकडे वळली. मग हेमकांतला म्हणाली, "पेटी खाले उतार." हेमकांत चिडून एकटाच परत गेला. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या न्हाणीतून दोन आवाज आले, एक लेकराचा, एक तिचा. मला हायसं वाटलं. पण जाता जाता दिसलं, ती तांब्या डाव्या हातात धरते. उजवं मनगट पुरतं वळत नाही. पाणी चेतनावहिनीच ओतून देते.

आमच्याकडे सव्वा महिना झाला, की न्हाऊ घालणारीला जेवू घालून लुगडं देतात. ताई नाशिकला परतल्यावर आई ते लुगडं घेऊन गेली, तर तिनं परत पाठवलं. "अर्ध्या आंघोयास्नं पूरं लुगडं मी नही लेत. पोरगीले परत आना. आंघोया पुऱ्या करसू, मंग लेसू."

ताईची पोर आता नाशिकमध्ये घरभर पळते. व्हिडिओ कॉलवर कौसामाय तिला 'मन्ही बाकी' म्हणते आणि कधी येते ते विचारते. लुगडं आईच्या कपाटात आहे. परवा ताईचा फोन आला, या दिवाळीलाही जमणार नाही म्हणाली. कौसामायला ते मी अजून सांगितलेलं नाही.