आजीला निरोप

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की आजी गेली ती सकाळ आठवते. चर्चमधल्या एका मित्राशी बाबांचं भांडण झालं होतं आणि तीन वर्षं आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. आता प्रार्थना कोण करणार, या काळजीनं बाबा आजीच्या उशाशी, विझलेल्या मेणबत्तीजवळ बसले होते. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि चिखलीच्या आमच्या चर्चची सगळी मंडळी उतरली. शेजारच्या चाचांनी परस्पर फोन केला होता. सगळ्यांत पुढे तोच मित्र. “काऊन कळवलं नाही बे? थे माहीबी मायच होती ना!” बाबा त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. बायकांनी गीत धरलं, आणि रडता रडता मला हायसं वाटलं. आता मंडळीत कुणी गेल्याचं कानावर आलं, की मी निरोपाची वाट बघत नाही.