रफ्फा: एकूण एक

शाई उतरत नसली की पेन झटकायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. नोंदणी कचेरीच्या दारासमोर टेबल टाकून मी सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देतो आहे, आणि एवढ्या काळात माझ्या शाईनं किती जणांचे सदरे रंगवले याची मोजदाद नाही. एकदा तर मुलीसाठी स्थळ बघायला निघालेल्या एका बापाच्या पाठीवर मी अख्खा नकाशा काढला होता. बिचारा तसाच गेला आणि स्थळ जमवून आला. तेव्हापासून माझी शाई लाभते, अशी आवई मीच उठवून दिली होती.

त्या सकाळी पेन झटकलं आणि थेंब पडला तो चौसष्ट वर्षांच्या जुन्या कागदावर. कागद रफूवाल्या काकांचा होता आणि काका टेबलापलीकडे ताठ बसून माझ्याकडे बघत होते.

"काही नाही हो काका," मी म्हणालो, "एका ठिपक्यानं काय होतंय?" आणि वर टीपकागद दाबला. त्यानं एवढंच झालं की थेंब छान गोल बसला, सुकला आणि जन्मापासून तिथेच असल्यासारखा दिसायला लागला.

एका ठिपक्यानं काय होतं ते सांगतो, पण आधी काका सांगायला हवेत.

आमच्या रस्त्यावर कपडे धुण्याच्या दुकानाला एक जिना आहे. त्या जिन्याखाली, उठून उभं राहिलं तर टाळूला टेंगूळ येईल अशा जागेत, काका चाळीस वर्षं रफू करत बसले. एक स्टूल, एक दिवा, एक भिंग आणि सुयांची डबी. कुणाच्या कोटाला कसर लागलेली, कुणाच्या साडीला इस्त्रीचा चटका बसलेला. काका त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढत आणि त्याच धाग्यांनी भोक विणून टाकत. एकदा एक गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून म्हणालं, "काका, भोक कुठं होतं हो?"

"आता मलाही आठवत नाही," काका म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःची केलेली स्तुती ती एवढीच.

बोलणं मोजकं. मी दहा वाक्यं बोललो की ते दातानं एक धागा तोडत. ते त्यांचं उत्तर. काकूंना जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला, तिथेच त्याचं लग्न झालं, तिथेच मुलगी झाली. महिन्याला एक पत्र यायचं आणि ते मी वाचून दाखवायचो. नातीचं पहिलं पाऊल, पहिला दात, पहिलं गालगुंड, सगळं माझ्या तोंडून काकांपर्यंत पोचलं. मला ती पोरगी न बघता पाठ होती.

मग दोन महिने पत्र आलं नाही. तिसऱ्या महिन्यात काकांनी लिहून घेतलेलं पत्रच परत आलं. मुलगा आणि सून एकाच बसमध्ये होते, आणि ती बस कुठेही पोचली नव्हती. त्या दिवशी शेजारणीकडे ठेवलेली पाच वर्षांची मुलगी तिथल्या बालगृहात दाखल झाली होती, कारण कागदोपत्री तिचं कुणी नव्हतं.

काका गेले. काचेच्या दाराआडून त्यांना ती दिसली. तिनं हात केला. संचालक बाई चांगल्या होत्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. "आजोबा, मला तुमचा शब्द खरा वाटतो," त्या म्हणाल्या, "पण दत्तक देणाऱ्या मंडळाला कागद लागतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी चालत नाहीत. वीस तारखेपर्यंत नातं सिद्ध करा. एक जोडपं वर्षभर वाट बघतंय. तुम्ही नाही आलात तर मुलगी त्यांना देणार, आणि एकदा दिली की पत्ता कुणालाही सांगत नाहीत."

ही गोष्ट रक्त तपासून आजोबा ठरवायला लागले त्याच्या आधीची आहे. तेव्हा आजोबा कागदावर ठरायचे.

आणि कागदावर काकांचं आडनाव होतं रफूवाला. तरुणपणी ओळखपत्र काढायला गेले, तेव्हा कारकुनानं विचारलं, आडनाव? हे म्हणाले, रफ्फा. काय करता? रफू. "म्हणजे रफूवाला," म्हणून कारकून मोकळा झाला. यांना वाटलं, सरकार म्हणतंय तर असेल. मुलगा मात्र शिकला. स्वतःच्या आजोबांचा, म्हणजे काकांच्या वडिलांचा, जुना कागद दाखवून त्यानं शाळेत भांडून रफ्फा लावून घेतलं. नातही रफ्फाच. म्हणजे बाप रफूवाला आणि लेक रफ्फा! काकांचं पहिलं नाव तर पैशाला पासरी. दोघांना सांधणारा एकच कागद जगात होता: काकांच्या वडिलांचा धंद्याचा परवाना. अरबी अक्षरांत, हातानं लिहिलेला. वर वडिलांचं नाव, आडनाव रफ्फा, आणि खाली "मुलगा एक, वय तीन महिने" म्हणून काकांचं नाव आणि जन्मतारीख.

त्याच कागदावर मी पेन झटकलं.

त्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर एक ठिपका असला की फ, आणि दोन असले की घशातला क. मी ती लिपी तरुणपणी एका पुस्तकबांधणीवाल्याकडून शिकलो होतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून पोहता येतं म्हणणारा माणूस जेवढा शिकलेला असतो, तेवढी. मी इमानदारीनं आपल्या लिपीतल्या नकलेत "रफ्फा" लिहिलं, काकांना पत्ता दिला, तिसरं दालन, दुसरी खिडकी. तासाभरानं काका परत आले. नकलेवर लाल शाईत शेरा होता: मूळ कागदावर रक्का. नक्कल चुकीची. शिक्का नाकारला.

मी काकांना घेऊन तावातावानं खिडकीवर गेलो. तिथला तपासनीस म्हणजे कचेरीत ती लिपी वाचणारा एकटा माणूस, त्यामुळे त्याच्या वाचनावर अपील नव्हतं.

"अहो, तो दुसरा ठिपका शाईचा आहे!"

"पहिला कशाचा आहे?" त्यानं विचारलं.

"रफ्फाच आहे ते. आडनाव आहे यांचं!"

त्यानं कपाटातून आडनावांची जाडजूड वही काढली. बोट थुंकीनं ओलं करून पानं उलटली. "रक्का, चारशे बारा. हे बघा. आणि रफ्फा..." बोट खाली जात राहिलं. "रफ्फा, तीन. पैकी दोन मयत. एकूण एक." तो चष्म्यावरून काकांकडे बघत म्हणाला, "साऱ्या देशात रफ्फा आडनावाची एकच व्यक्ती हयात आहे. ती पाच वर्षांची आहे. तुम्ही ती नाही."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. ते त्या वहीतल्या एका ओळीकडे बघत होते. मला वाटतं, नातीचं नाव सरकारी वहीत त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं.

"चारशे बारा माणसं एकीकडे आणि तीन एकीकडे," तपासनीस वही मिटत म्हणाला, "आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची असेल?"

बहुमतानं निवडणूक जिंकतात हे ठाऊक होतं. बाप ठरतो, हे त्या दिवशी कळलं.

वीस तारखेला सतरा दिवस होते. मी टेबल बंद केलं आणि माझ्या जुन्या गुरूला, त्या पुस्तकबांधणीवाल्याला, गाठलं. म्हातारा आता कानानं अधू, पण खळीचा डबा आणि दाभण सुटलेलं नव्हतं.

"रफ्फा?" तो ओरडला. "अरे गाढवा, रोज तोंडात असतो तो शब्द! रफू करतोस ना? तो तिकडचाच. रफू करणारा तो रफ्फा. धंद्यावरून पडलेलं नाव. जसा सुतार, तसा रफ्फा."

"आणि रक्का?"

"तो मंत्र म्हणून फुंकर घालणारा. दुखलं खुपलं की बोलावतात तो. एका ठिपक्याचा फरक, पण एक सुईनं बरं करतो आणि दुसरा तोंडानं." मग माझ्याकडे निरखून म्हणाला, "तू दुसऱ्यातला."

मी उड्या मारत जिन्याखाली आलो. "काका! तुमच्या नावाचा अर्थच रफूवाला! त्या कारकुनानं चूक केलीच नाही, भाषांतर केलं! रफ्फा म्हणजे रफूवाला, रफूवाला म्हणजे रफ्फा. सिद्ध झालं!"

काकांनी धागा तोडला. "मंडळ मानेल?"

मंडळाच्या कारकुनानं फोनवर दोन मिनिटांत निकाल लावला. अर्थावरून नातं धरायचं म्हटलं, तर उद्या गावातला प्रत्येक सोनार प्रत्येक सोनाराचा आजोबा निघेल, असं तो म्हणाला. माणूस मूर्ख नव्हता, हीच पंचाईत.

दिवस संपत आले तसा मी काय काय करून बसलो! देवघेवीच्या जुन्या वह्या शोधल्या, जिथे काकांच्या वडिलांनी परवाना काढला होता त्या कचेरीला तीन पत्रं टाकली. उत्तर आलं, ती इमारत कधीच पाडली. सोळा तारखेला मी काकांपुढे तो कागद ठेवला आणि दार ओढून घेतलं. जिन्याखाली दार नव्हतं. पडदा होता, तो ओढला.

"काका, तुमचा हात असा आहे की भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकाला सापडत नाही. तो ठिपका काढून टाका. कुणाला कळणार नाही."

काकांनी कागद भिंगाखाली धरला. बोटं सुईकडे गेली, थांबली.

"रफू भोकाला असतं, मास्तर," ते म्हणाले. "डागाला नसतं. खरवडलं तर खालचं अक्षर जाईल. त्याच्याखाली माझा बाप आहे."

त्या रात्री मला झोप नव्हती. पहाटे ठरवलं, आपण सरळ कबूल करायचं. खरं बोलायचं. आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिताना मी "वरील मजकूर सत्य आहे" हे वाक्य हजारो वेळा लिहिलं होतं. एकदा म्हणून बघावं म्हटलं.

वीस तारखेला बालगृहात मंडळासमोर आम्ही दोघं उभे राहिलो. लांब टेबल, तीन माणसं, मध्ये अध्यक्ष बाई. काकांनी स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. त्याच्या कोपरावर एक रफू असणार, हे मला माहीत होतं, पण दिसत नव्हतं. भिंतीपलीकडे कुठंतरी मुलं पाढे म्हणत होती. काकांचं लक्ष तिकडे होतं. ते त्या गलक्यातून एक आवाज वेगळा काढायच्या खटपटीत होते.

मी पुढे झालो. "बाई, तो दुसरा ठिपका माझ्या पेनचा आहे. तीन तारखेला सकाळी माझ्या टेबलावर पडला. शपथेवर सांगतो."

अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे हा मूळ कागद, सादर होण्याआधी, तुमच्या हातून बदलला गेला?"

"बदलला नाही हो, पडला. थेंब पडला."

"त्यावर टीपकागद कुणी लावला?"

"मी."

"आणि नक्कलही तुम्हीच केली."

"हो, पण..."

त्यांनी शेजारच्या सदस्याकडे बघितलं. तो मान हलवून लिहू लागला. बाईंचा आवाज मवाळ होता, म्हणून जास्त लागला. "आतापर्यंत आमच्यासमोर एक कागद होता, वाचनाबद्दल शंका असलेला. तो शाईच्या तपासणीला पाठवता आला असता. चार महिने लागले असते, तोवर मुलीला इथं थांबवून ठेवण्याचा अधिकार मला होता. आता साक्षीदारच म्हणतो की कागदात फेरफार झाला. असा कागद मला पुराव्यात ठेवताच येत नाही."

"मग ठेवू नका! माझी साक्ष ठेवू नका!" मी ओरडलो. "मी खोटं बोललो!"

"कधी?" बाईंनी विचारलं. "आत्ता, की आधी?"

काकांनी फक्त एक प्रश्न विचारला: तिला भेटता येईल का? बाईंनी वही चाळली. नातेवाईक म्हणून नाही, त्या म्हणाल्या. जोडपं गुरुवारी येणार आहे, त्याआधी नव्या चेहऱ्यांनी मूल बिथरतं. काका "बरं" म्हणाले. आपण जुने आहोत, हेही म्हणाले नाहीत. कागद त्यांनी दोन्ही हातांनी परत घेतला.

बाहेरच्या पायऱ्यांवर आलो. पाढे अजून चालू होते, आता नवाचा होता. काका तिसऱ्या पायरीवर बसले आणि कागद रुमालात गुंडाळायला लागले. घडी जमेना, पुन्हा उलगडली. चाळीस वर्षं सुईच्या नाकातून पहिल्या फटक्यात दोरा घालणारी ती बोटं रुमालाचं एक टोक शोधत होती.

मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी बोलत सुटलो. गुरुवारला तीन दिवस आहेत, काका. वरच्या मंडळाकडे जाऊ. मी आजच बसतो. नावाचा उगम लिहितो, अर्थ लिहितो, देशात किती आणि कुठे ते आकड्यांनिशी लिहितो, माझी चूक वेगळ्या पानावर लिहितो, त्या जोडप्यालाच पत्र लिहितो, वर्तमानपत्राला लिहितो, दहा पानं लिहितो, वीस लिहितो, हात मोडेपर्यंत लिहितो.

काकांनी रुमालाला गाठ मारली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"मास्तर, तुम्ही आता काही लिहू नका."