आतून पोकळ लोखंड

उल्हासनगरला शरदचंद्र म्हात्रे तीस वर्षं थर्माकोल कापत होते. लग्नाच्या स्टेजवरची अक्षरं, बारशाचे पाळणे, शाळेच्या प्रदर्शनातले किल्ले. हात सफाईदार, तोंड फटकळ.

२००८ साली यशोधरा ओव्हाळ त्यांच्या दुकानात आली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती केमिस्ट होती. तिथं लोखंडाचे कण बनत, केसापेक्षा काही हजारपट बारीक. ठेवल्या ठेवल्या माल बिघडत होता आणि कारण साहेबांना पटत नव्हतं. म्हणून तिनं एका संस्थेतल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण थोडाथोडा तिरका करत ढीगभर फोटो काढून घेतले होते. त्यांतून कॉम्प्युटरनं कणाचे आडवे काप कागदावर काढून दिले होते.

"काका, प्रत्येक कागदाबरहुकूम एक चकती कापायची आणि एकावर एक चिकटवायच्या. तीन गोळे होतील. ताजा कण, हवा लागलेला, आणि पूर्ण गंजलेला."

आठ दिवसांनी त्यांनी तीन गुळगुळीत गोळे पुढे ठेवले.

"आतली पोकळी कुठाय?"

"आतलं कोण बघणारे?"

"काका, पोकळीसाठीच तर सगळं केलंय!"

चरफडत त्यांनी पुन्हा कापले. तर पोकळी मधोमध आली, कागदात ती एका अंगाला होती. पुन्हा कापले. तेवढ्यात यशोधरा नवे कागद घेऊन हजर, कॉम्प्युटरनं हिशोब सुधारला होता म्हणे.

शरदचंद्रांनी थर्माकोल कापायची गरम तार बाजूला आपटली. "मॅडम, आधी तुमचा कण नक्की कसा ते ठरवा!"

"तो बदलतो, काका. तेच तर दाखवायचंय."

"मग बंद गोळ्यात काय डोंबल दिसणार?" ते ओरडले. तिला न विचारताच त्यांनी तिन्ही गोळे मधोमध चिरले आणि बिजागऱ्या लावल्या.

गोळे मोडतील म्हणून टेम्पोतून ते स्वतःच कारखान्यात गेले. मिटिंगमध्ये मॅनेजरनी विचारलं, "म्हणजे आपण पोकळ माल बनवतो?" यशोधरानं दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा दाराशी उभ्या शरदचंद्रांना राहवलं नाही.

"अहो साहेब, बनवता भरीवच! हवा लागली की आतलं लोखंड भराभर बाहेर सरकतं. हवा तेवढ्या वेगानं आत शिरत नाही. मग मधे पोकळी राहणार नाही तर काय?"

मॅनेजर उठले आणि गंजलेला गोळा उघडून आत बोट फिरवू लागले.

हवा लागू नये म्हणून पुढच्या महिन्यापासून माल नायट्रोजनमध्ये भरायचं ठरलं. यशोधरानं ते फोनवर सांगितलं.

"बरं झालं," शरदचंद्र म्हणाले, "पण एवढं साधं सांगायला माझा अख्खा महिना खाल्लात."