बोरन्हाणाला येणाऱ्या डॉक्टरीणबाई

संक्रांतीनंतर नौपाड्यात कुणाकडे बोरन्हाण निघालं की कुंदाताईंना बोलावणं असायचंच. मीरा, तू माझी मोठी नात, तुझं बोरन्हाण आपल्याच दिवाणखान्यात झालं. तुझ्या भावाच्या, ईशानच्या वेळी तुम्ही सगळे परदेशी गेला होतात, म्हणून त्याच्यासाठी सांगते. लहान मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा असं सगळं ओततात. भोवतालची मुलं ते लुटायला धावतात. बाकीच्या बायका पाटावरच्या मुलाचे फोटो काढत असायच्या. कुंदाताई भिंतीला टेकून नुसत्या बघत असायच्या. कोण चिमटीत एकेक चुरमुरा उचलतं, कोण दुसऱ्याचं पाहून वाकतं, कोण मिळालेलं बोर आईला दाखवायला नेतं आणि कोण त्या गलक्यात कान झाकून उभं राहतं.

कुंदाताई लहान मुलांच्या वाढीच्या डॉक्टर होत्या. मूल वयाप्रमाणे चालतं-बोलतं का, हाकेला वळून बघतं का, हे तपासायचं आणि कुठे अडत असेल तर तिथे मदत सुरू करायची, हे त्यांचं काम. खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं केंद्र होतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "तुमच्या घरात चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले असतात, मी पाहिलंय. माझ्याकडे या. माझ्या भेटींच्या वेळांचा पार चिवडा झालाय." मी गेले आणि राहिले.

कुंदाताई उंच, आवाज खर्जातला, सुती साडीखाली पांढरे धावायचे बूट. आई-वडिलांना त्या खुर्च्या देत आणि स्वतः जमिनीवर बसत. मुलाकडे सुरुवातीला बघतही नसत. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात चुरमुरे भरून तो मुलाच्या पुढ्यात सरकवायच्या आणि स्वस्थ बसायच्या. झाकण निघत नाही म्हटल्यावर मूल काय करतं? कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघतं, डबा पुढे करतं, रडतं, की सोडून देतं? एकदा शिकायला आलेल्या एका मुलीने कळवळून झाकण काढून दिलं. कुंदाताई ओरडल्याच, "अगं, उघडू नकोस! त्याला आपली गरज लागू दे की जरा!"

लोक त्यांना घाबरत, कारण त्या गोड बोलत नसत. 'त्याचे बाबाही उशिराच बोलायला लागले' हे वाक्य प्रत्येक घर आपणच शोधून काढल्यासारखं म्हणे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "बाबा आलेत का बरोबर? मग त्यांनाही तपासते." कल्याणहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "डॉक्टर, अजून थोडे दिवस वाट बघू का?" त्या म्हणाल्या, "वाट बसची बघावी, साहेब. बस आपली आपण येते. या मुलाला आपण जाऊन आणावं लागणार."

पण सणाच्या घरात मात्र एक अक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. "तिळगूळ खाल्ला की डॉक्टरने तोंड मिटून घ्यावं," असं त्या म्हणत. एखाद्या मुलाबद्दल शंका आली, तर दोन-चार दिवसांनी काहीतरी निमित्त काढून त्या घरी जात, चहा घेत आणि मग विषय काढत. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे बोरन्हाणानंतरच्या आठवड्यात कुंदाताईंनी बेल वाजवली की घरातली बाई दार उघडण्याआधी मूल काय करतंय ते बघून घ्यायची.

तो नियम त्यांनी एकदाच मोडला, रुद्रच्या बोरन्हाणाला.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चेंदणी कोळीवाड्यातून आलेलं एक कुटुंब राहतं. रुद्रची आजी हिराबाई. त्यांनी बाजारात मासळी विकून मुलाला इंजिनीअर केलं. मुलगा आणि सून प्राची दोघंही नोकरीवर जात, आणि दोन वर्षांचा रुद्र दिवसभर आजीपाशी असे. रुद्र इंग्रजीत शंभरपर्यंत आकडे म्हणायचा, प्राण्यांची नावं म्हणायचा, आणि उच्चार असे स्वच्छ की माझ्या पदवीच्या मुलांनी लाजावं. हिराबाईंना कोण अभिमान! "माजा नातू विंग्रजी बोलतो गो! मना तर कलत पन नाय!"

बोरन्हाणाच्या दिवशीही त्याने आकडे म्हणून दाखवले, टाळ्या झाल्या. मग डोक्यावरून बोरं पडली. मुलं त्याच्या पाटापाशी घुसून लुटालूट करत होती, बाप समोरून "रुद्र, रुद्र, इकडे बघ" म्हणून फोनचा कॅमेरा धरून उभा होता. रुद्र छताच्या पंख्याकडे बघत होता. गळ्यातली हलव्याची माळ तुटून मांडीवर पडली, तेही त्याला कळलं नाही.

मी स्वयंपाकघरात दूध पेल्यांत ओतत होते, तिथे कुंदाताई हात धुवायला आल्या आणि त्यांच्यामागून प्राची.

"डॉक्टर, तुम्ही मघापासून त्याच्याकडेच बघताय. काय ते सांगा."

"उद्या येते मी, प्राची."

"नाही, आत्ता सांगा. रात्रभर झोप नाही लागणार मला."

कुंदाताईंनी नळ बंद केला. "तहान लागली की पाणी कसं मागतो?"

प्राचीने थोडा विचार केला. "मागत नाही. माझं मनगट धरतो आणि फ्रीजपर्यंत नेतो. माझा हात फ्रीजवर ठेवतो."

"तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघतो?"

प्राचीने मान हलवून नाही म्हटलं.

"तुला आई म्हणतो?"

"एलिफंट म्हणतो. आई नाही," प्राची म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"आधी त्याचे कान तपासू," कुंदाताई म्हणाल्या. "मग बाकीचं. काय झालंय त्याचं नाव मागाहून ठेवू, काम आधी सुरू करू."

दारात हिराबाई उभ्या होत्या. "काय झालाय माज्या पोराला? शंबर आकडं बोलतो तो, तुमच्यात कुनाचा बोलतो? सनाच्या दिशी घरात येऊन नजर लावता? चला, निघा!"

कुंदाताई बूट घालून निघाल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "नियम मोडला खरा. पण आई विचारत होती. आईने विचारल्यावर उद्या सांगते म्हणता येत नाही."

ही गोष्ट गल्लीभर झाली. पुढच्या संक्रांतीला त्यांना फारशी बोलावणी आली नाहीत. "यंदा घरच्या घरीच करतोय हं," असं बायका रस्त्यात सांगत. "बरंच झालं," कुंदाताई म्हणाल्या, "माझी साखर वाढलीच होती."

प्राची मात्र रुद्रला घेऊन दर शनिवारी केंद्रावर यायला लागली होती. घरी बागेत जातो म्हणून सांगे. कान उत्तम होते. म्हणजे प्रश्न दुसराच होता, आणि कुंदाताईंनी काही भेटींनंतर त्याचं नावही सांगितलं, ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. मग एका शनिवारी हिराबाईंना सुगावा लागला. त्या रिक्षा करून थेट खोपटला आल्या आणि माझ्या टेबलाकडे न बघता सरळ आत गेल्या. मी मागोमाग गेले. रुद्र जमिनीवर डबा घेऊन बसला होता. हिराबाई त्याला उचलायला वाकल्या.

"न्यायचा तर न्या," कुंदाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पण त्या दिवशी एवढ्या का चिडलात, तेवढं सांगा."

हिराबाई वाकलेल्याच राहिल्या. मग तिथेच फरशीवर बसल्या. डब्याकडे बघत म्हणाल्या, "भात शिजंपर्यंत मोबाइल मीच देत होते त्याला. घास भरवताना पन. पोरगा गप बसायचा. मीच बिगडवला ना त्याला?"

"नाही."

"खरा सांगा."

"मोबाइल बंद करा, ते वेगळं. पण हे तुमच्यामुळे झालेलं नाही. प्राचीमुळे नाही, कुणाच्याच हातून नाही. तो जन्मापासून असा आहे."

हिराबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मग आता मी काय करू?"

"तुम्ही त्याच्या मनातलं ओळखता. ओळखायचं सोडा. त्याला काय हवं ते कळलं, तरी कळलं नाही असं दाखवा. तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा."

"बाई, उबा जल्म मासली विकली मी," हिराबाई म्हणाल्या. "कललेला न कलल्यासारका दाकवायला मना शिकवू नका."

कुंदाताई इतक्या मोठ्याने हसल्या की रुद्रने डब्यावरून मान वर केली.

पुढची वर्षं हळूहळूच गेली. काही महिने सगळं जिथल्या तिथे राही, आणि मग एखादा नवा शब्द येई. 'बरा झाला का?' असं कुणी विचारलं की कुंदाताई फटकन म्हणत, "बरा ताप होतो. हा मुलगा आहे." आता तो नौपाड्यातल्या साध्या शाळेत जातो. त्याच्यासोबत वर्गात एक ताई बसते. गोंगाट त्याला अजून सोसत नाही.

कुंदाताई गेल्या महिन्यात गेल्या. हृदय थांबलं, फार त्रास झाला नाही. शोकसभेला सभागृह भरलं होतं. भाषणं झाली, आणि एका गृहस्थांनी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या. आणि मागच्या रांगेतून स्पष्ट, खणखणीत आवाज आला.

"डॉक्टर मावशी कुठे आहे?"

रुद्र. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी वळून श्शू केलं. प्राचीने त्याच्या तोंडाकडे हात नेला. हिराबाईंनी तो हात बाजूला केला.

"विचारू दे त्याला," त्या म्हणाल्या. कुजबुजल्या नाहीत, बाजारातल्या आवाजात म्हणाल्या. "एवड्यासाटीच तर केला सगला."

"डॉक्टर मावशी कुठे आहे?"

"वारली, बाला."

"वारली म्हणजे येणार नाही?"

"नाय येनार."

"सोमवारी?"

"सोमवारी पन नाय."

"मंगळवारी?"

"मंगलवारी पन नाय."

तो आजीच्या तोंडाकडे बघून एकेक वार विचारत गेला आणि हिराबाई प्रत्येक वाराचं उत्तर देत गेल्या. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. ज्या गृहस्थांनी 'बसा' म्हणायचं, ते त्याचा रविवारही विचारून होईपर्यंत थांबले.