पडद्यावर आमचा टोला

शेठनं मले थोबाडीत मारली तेव्हा माह्या हातात स्कॅनर होता. शहरातून माल पाहाले आलेले पाहुणे समोरच उभे होते. माह्या नाकातून रक्त आलं. त्यायनं मान फिरवली.

हायवेवरच्या जाम गावाजवळ शेठचं भाजीचं शेड होतं. शहरातल्या मोठ्या दुकानवाल्यायले भाजी कुठं पिकली ते पाह्यजे होतं, म्हणून शेठनं कॉम्प्युटर आणला. हरेक क्रेटले चिठ्ठी. ती स्कॅन केली की पडद्यावर गाव, वावर अन् शेतकऱ्याचं नाव येई. मी कॉम्प्युटर शिकलेली गोंडाची पोरगी. काम मले भेटलं.

त्या दिवशी पाहुण्यानं वांग्याच्या क्रेटवर हात ठेवला. "हे कुठलं?"

मी स्कॅन केलं. आमचा टोला, गोंडायची वस्ती, पडद्यावर आला. खाली माह्या मायचं नाव.

शेठ त्यायले आताच सांगून बसला होता, "सारा माल माह्याच वावरातला." मले काय ठाऊक? तवाच ती थोबाडीत बसली.

पाहुणे गेले. शेठनं मले केस धरून खुर्चीत आदळलं.

"गाव बदल. माह्या वावराचं टाक."

"काऊन?"

"गोंडायच्या टोल्याचं नाव वाचून कोन तोंडात घालीन ते वांगं?"

"नाई टाकत."

त्यानं कीबोर्ड उचलून माह्या हातावर हाणला. पुन्हा हाणला. बोटाचं हाड मोडलं, तो आवाज मले आयकू आला.

माय बाहेर क्रेट उतरवून राह्यली होती. माही किंकाळी आयकून धावत आली. शेठनं तिच्या पोटात लाथ घातली. ती दारावर आपटली. तशीच हात जोडून म्हणाली, "शेठजी, बदलते पोरगी. मारू नोका."

लाथ खाऊन हात जोडणारी माय. माह्या डोक्यात आग भडकली. काट्यावरचं लोखंडी वजन मी दुसऱ्या हातानं उचललं अन् त्याच्या तोंडासमोर धरलं.

"आता लाव हात."

तो भिताडाले चिकटला. हमाल पाहत राह्यले. कोनी मधात आलं नाई.

पोलीस चौकीवर तक्रार द्याले गेलो, त मलेच विचारलं, "वजन काऊन उचललं?" तक्रार घेतलीच नाई.

बोट वाकडंच जुळलं. आता आमची भाजी आम्हीच हायवेवर विकतो, फळीवर टोल्याचं नाव रंगवून. कोनी वाचते अन् निंगून जाते. जाऊ दे. पन ते नाव पुसाले जो हात पुढं येईन, तो मी मोडीन. परवानगी कोनाचीच मागनार नाई.